दारांतलें तण आणि उपनगराचा इतिहास



मुंबईच्या उपनगरांचा इतिहास म्हटला कीं, आगगाडी, चाळी आणि मागाहून उभ्या राहिलेल्या उंच इमारती आपल्या डोळ्यांपुढें येतात. त्याच इतिहासांतलें एक दुर्लक्षित पान आज मी आपणांपुढें उघडणार आहें. तें माणसांच्या दारांत उगवणाऱ्या रानफुलांचें आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हां घाटकोपर आणि मुलुंड हीं भातखाचरांमधलीं खेडीं होतीं. अंधेरी-बोरिवलीकडेहि तीच स्थिती होती. पाऊस पडला कीं साष्टीच्या बांधाबांधांवर टाकळा उगवे, मागून कुर्डू येई आणि भाद्रपदापर्यंत तेरडा फुले. हीं झाडें कोणी लावीत नसे. पण तीं घाण समजून कोणी उपटूनहि टाकीत नसे. टाकळ्याच्या कोंवळ्या पानांची भाजी होई आणि तेरडा गौर म्हणून मानानें घरांत येई.

या रानाकडे अभ्यासूंचेंहि लक्ष होतें. १८८३ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांपैकीं एक एटकिन साहेब मिठाच्या व जकातीच्या खात्यांत नोकरीस होते. त्यांनीं कोंबर यांच्यासह १९०३ सालीं कोंकणांतील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. पुढें १९२० सालीं मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९५० व १९५७ सालीं हीं उपनगरें टप्प्याटप्प्यानें महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. नळ आले, दिवे आले, रस्ते डांबरी झाले. आणि खाचरांबरोबर बांधहि बुजले.

या ऱ्हासांत माझाहि हात आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मी शिक्षक असतां एका पावसाळ्यांत मुलांकडून शाळेमागच्या गल्लींत श्रमदान करविलें. गुडघाभर वाढलेला टाकळा मुळासकट उपटला आणि मीं मुलांस शाबासकी दिली. पुढल्या वर्षीं एका मुलानें विचारलें, “गुरुजी, यंदा पिवळीं फुलपाखरें कां आलीं नाहींत?” मला उत्तर देतां आलें नाहीं. तें मीं मागाहून पुस्तकांतून शोधलें.

उत्तर सोपें आहे. फुलपाखराला मध लागतो. परंतु त्याच्या अळीला पान लागतें, आणि तेंहि ठराविक झाडाचेंच. लहान पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या टाकळ्यावर पोसतात, रुईवर ‘प्लेन टायगर’च्या आणि लिंबाच्या जातीच्या झाडांवर राणी पाकोळीच्या, म्हणजे ‘ब्लू मॉर्मन’च्या. याच राणी पाकोळीला महाराष्ट्रानें २०१५ सालीं राज्य फुलपाखराचा मान दिला. मान दिला, पण तिच्यासाठीं अंगणांत लिंबाचें एक झाड राखलें नाहीं, तर त्या मानाचा उपयोग काय? मधमाशी आणि भुंगा यांचेंहि तसेंच. फुलांचा क्रम तुटला कीं त्यांची उपासमार होते आणि आपल्या परसांतील भोपळ्याला, दोडक्याला फळ धरत नाहीं.

ही हानि एकट्या मुंबईची नव्हे. इंग्लंड व वेल्स येथील रानफुलांच्या कुरणांपैकीं सुमारें ९७ टक्के कुरणें १९३० नंतरच्या अर्धशतकांत नाहींशीं झालीं. म्हणूनच तिकडचे नागरिक आज रस्त्याच्या कडेला रानफुलांचें बीं पेरतात.

आपल्याकडेहि गल्लीची जबाबदारी रहिवाशांनीं उचलल्याचा दाखला आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमधील मंडळींनीं १९९६-९७ च्या सुमारास ओला व सुका कचरा वेगळा करून आपली गल्ली आपणच सांभाळण्यास आरंभ केला. तोच कित्ता पुढें महानगरपालिकेनें ‘ए. एल. एम.’ या नांवानें इतर वस्त्यांना घालून दिला. कचऱ्याचें खत करणाऱ्या हातांना त्याच खतावर कुर्डू वाढवणें कठीण नाहीं. झाडें कोणतीं लावावीं, हें पाहावयाचें असल्यास गोरेगांवचें सोसायटीचें केंद्र आणि ठाण्याची ओवळेकर वाडी दूर नाहींत.

मात्र एक सावधगिरी हवी. दिसायला सुंदर तें सर्व उपकारक नसतें. अमेरिकेंतून शोभेसाठीं आणलेल्या घाणेरीनें आपलीं रानें व्यापून टाकलीं. तिच्यावर फुलपाखरें मधासाठीं बसतात खरीं, परंतु तिच्याखालीं गांवचीं झाडें गुदमरतात. यास्तव बीं विकत घेण्याआधीं जवळच्या माळावरचें पाहावें, औषधाची फवारणी थांबवावी आणि पानांना भोंकें पडलीं म्हणून रागावूं नये. तें भोंक हीच पाहुण्याच्या जेवणाची खूण होय.

इतिहास म्हणजे केवळ गेलेल्याची नोंद नव्हे. टाकळ्याचें बीं मातींत बरींच वर्षें टिकतें. मीं त्या गल्लीच्या एका कोपऱ्यांत हातभर जागा न खुरपतां सोडून दिली आहे. येत्या आषाढांत तेथें काय उगवतें, हें पाहण्यास मी जाणार आहें. आपणहि आपल्या दारांत तेवढी जागा सोडावी, इतकीच विनंती.