अभ्यासाचा नेम

शहापूर-मुरबाडच्या गावांत भाताची कामे उरकली की हरिनाम सप्ताहाचे मांडव उभे राहतात. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. पुढे बसून मृदंगाकडे एकटक पाहणारी मुले प्रत्येक गावात असतात. त्यांतली काही शिकायलाही लागतात. पण सप्ताह उठला की मृदंगावर गवसणी चढते, ती कित्येकदा पुढच्या सप्ताहालाच उतरते. मग ऐन चालीत हात अडखळतो आणि मुलगा म्हणतो, “माझ्या अंगात ते नाहीच.” आपल्या संप्रदायाचा इतिहास मात्र याबाबतीत वेगळे सांगतो.

तुकोबांनी आपला पूर्ववृत्तांत आत्मपर अभंगांत सांगून ठेवला आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त केले आणि एकादशीला कीर्तन करू लागले. येथे तुकोबा एक मोकळी कबुली देतात: सुरुवातीला अभ्यासात आपले चित्त नव्हते. मग काय केले? संतांची काही वचने विश्वासाने व आदराने पाठ केली. पुढे जे गात असत त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. कवित्वाची स्फूर्ती त्यानंतरची.

हा क्रम विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. आधी ठरलेला दिवस, मग पाठांतर, मग जाणत्याच्या मागे साथ. चित्त लागेल तेव्हा बसू, असे तुकोबा म्हणाले नाहीत. ते बसत राहिले आणि चित्त मागाहून आले. मुरबाड-टोकावड्यावरून माळशेज घाट चढला की पलीकडे ओतूर लागते. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तेथे आहे. ज्यांना स्वप्नात गुरूपदेश झाला, त्यांनीसुद्धा पाठांतराचे कष्ट केले; मग आपण कृपेची वाट पाहत हात बांधून का बसावे?

पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. दिंडीतले भजन नेमाने चालते. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे हे ठरलेले असते. त्यामुळे नवखा टाळकरीही रोज तेच अभंग, त्याच चाली, पावलांच्या लयीत म्हणत जातो आणि चालता चालता तयार होतो. आपल्या भागात आषाढीला आवणीची घाई असते. सगळ्यांनाच दिंडीत चालता येत नाही. म्हणूनच दिंडीतला तो नेम घरी पाळण्याची आपल्याला अधिक गरज आहे.

1917 साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर हे जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या केळवे-माहीमचे. पुण्यात महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून त्यांनी वारी, प्रवचन आणि कीर्तन चालवले. पहाटे आसनगावची गाडी गाठणाऱ्या किंवा मुरबाडहून कल्याणला एसटीने जाणाऱ्या तरुणाने हे उदाहरण मनात ठेवावे. वेळ सापडत नसतो, तो नेमावा लागतो.

नेमाला दोन तास हवेत असे नाही. रोज अर्धा तास पुरे, पण तो ठरल्या वेळी. गावात रोज हरिपाठ होत असेल तर त्याच्या आधीची वेळ उत्तम. मृदंग शिकणाऱ्याने बोल आधी तोंडाने म्हणावेत, हाताने टाळी-खाली दाखवावी, मग पुडीवर हात ठेवावा. सुरुवात ठाय लयीत करावी. जिथे हात अडतो तेवढ्याच मात्रा वीस वेळा घ्याव्यात; येणारा भाग पुन्हा पुन्हा वाजवून मन रमते, हात पुढे जात नाही. साधा भजनी ठेका अढळ होईपर्यंत दुगुणीच्या मागे लागू नये. मृदंग घरी नसेल तर मांडीवर वाजवता येते. गाणाऱ्याने उंच पट्टीसाठी गळा ताणू नये. एक अभंग, एक चाल आठवडाभर घोटावी. चुका ऐकायला जाणता वादक किंवा गायक जवळ असावा. दर एकादशीला त्या पंधरवड्याचा अभ्यास देवापुढे मांडावा. एकादशी महिन्यातून दोनदा येतेच, वेगळी परीक्षा लागत नाही.

थोरांनीही एक करावे. मुलगा चुकला तर हसू नये आणि सप्ताहात त्याला एखादा अभंग तरी वाजवू द्यावा. बाहेरून आलेले मृदंगाचार्य सात दिवसांनी जातात. उरलेले वर्ष गावचे भजन गावच्याच हातांवर चालते. त्या हातांना नेम लागला, तर गवसणी फार काळ चढलेली राहणार नाही.

रामकृष्णहरी.