वेखंड : गुटीच्या डब्यातील उग्र औषध

बाळगुटीचा डबा उघडताच मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ या सर्वांच्या आधी ज्याचा वास नाकात शिरतो, ते वेखंड. संस्कृतात त्यास ‘वचा’ आणि ‘उग्रगंधा’, तर गाठींवरून ‘षड्ग्रंथा’ म्हणतात. दलदलीत, पाण्याच्या काठी वाढणाऱ्या या वनस्पतीची पाने तलवारीच्या पात्यासारखी लांब असतात. औषधात वापरतात ते वस्तुतः जमिनीखालचे आडवे खोड. व्यवहारात मात्र त्यास मूळच म्हटले जाते.

चवीला कडू-तिखट व वीर्याने उष्ण असे हे द्रव्य आयुर्वेदाने कफवातशामक, दीपन आणि मेध्य मानले आहे. सारस्वतारिष्टात त्याचा समावेश असतो. घरगुती उपयोग बव्हंशी बाह्य आहेत. मुलाचे पोट फुगल्यास वेखंड पाण्यात उगाळून कोमट लेप बेंबीभोवती लावतात. सर्दीत तोच लेप कपाळावर. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या अंगाला पूड लावण्याची रीत आहे, परंतु ती नाकातोंडात जाणार नाही हे पाहावे. कीड लागू नये म्हणून धान्यात व कपड्यांतही तुकडे ठेवतात.

पोटात देण्याची गोष्ट निराळी. आयुर्वेदिक औषधसंहितेत चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम सांगितली आहे आणि वांती घडवून आणण्यासाठी १ ते २ ग्रॅम. म्हणजे चिमूटभर वाढले की औषधाचे वामक होते. गुटी सहाणेवरच्या वेढ्यांनी मोजतात. पण आजीचा वेढा आणि सुनेचा वेढा सारखा कसा असणार? शिवाय शास्त्राने वेखंडाचे शोधन सांगितले आहे, आणि बाजारातील तुकडा शोधित असेलच असे नाही.

भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन हा घटक मोठ्या प्रमाणात आढळतो. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. म्हणून गर्भवतींनी ते पोटात घेऊ नये. झोपेची वा फेफऱ्याची औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही न देणेच योग्य. वर्षाच्या आतील मुलाला मधातून तर काहीच चाटवू नये. गुटीनंतर बाळाला वारंवार उलट्या होऊ लागल्या किंवा ते सुस्त पडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे व उगाळलेला तुकडा सोबत न्यावा.