जंजिऱ्याचे सुकाणू

नगरच्या किल्ल्यात उभे राहून समुद्र आठवण्याचे कारण नाही. परंतु राजपुरीच्या खाडीतील जंजिरा एके काळी याच निजामशाहीचा होता. १६३६ मध्ये ती बुडाली. जंजिऱ्याच्या सिद्दींनी मग आदिलशाहीचा, आणि १६७० च्या सुमारास औरंगजेबाचा आश्रय धरला. कारण बेटाला तट असला तरी समोरचा किनारा मराठ्यांनी व्यापल्यावर दाणागोटा आणावयाचा कोठून?

सिद्दी कासीमची नजर मात्र बेटापलीकडे होती. १६७१ च्या होळीच्या रात्री त्याने मराठ्यांकडून दंडाराजपुरी घेतली. बादशहाने त्याला याकुतखान हा किताब दिला. १६८९ मध्ये तो मुंबईत उतरला. माझगाव, माहीम घेऊन त्याने इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. मुंबई हाती येणार, तोच इंग्रजांनी औरंगजेबापुढे पदर पसरला, दीड लाख रुपये दंड भरला, आणि १६९० च्या जूनमध्ये सिद्दीला माघारी जावे लागले!

तोच औरंगजेब १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला वारला. जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत टिकले. मुंबई मात्र सिद्दीची झाली नाही. लाटांना न भिणाऱ्याला एका फर्मानाने परतविले. दुसऱ्याच्या अन्नावर पोसलेल्या आरमाराचे सुकाणू दुसऱ्याच्याच हाती असते.