खानगीची वही आणि कंपनीचा ताळेबंद

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली गाडी शहराची हद्द ओलांडते न ओलांडते तोच बाजवा हे स्थानक येते. पुष्कळशा वेगवान गाड्या येथे न थांबताच पुढे जातात. परंतु कंपन्यांच्या कारभाराचा इतिहास पाहणाऱ्याने येथे थोडे थांबावयास हवे. गुजरात सरकारच्या पुढाकाराने १९६२ साली स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर कंपनीचा कारखाना बाजव्याजवळ उभा राहिला. १९६७ साली त्यातून माल बाहेर पडू लागला आणि भोवतालच्या वसाहतीला फर्टिलायझरनगर असेच नाव पडले. मराठीत शेतात घालावयाचे तेही खत आणि देण्याघेण्याचा दस्तऐवज तेही खतच! बाजव्याचे वेगळेपण या दुसऱ्या खतात आहे.

कंपनीच्या भागभांडवलात सरकारचा वाटा शेकडा ४९ आणि इतर भागधारकांचा ५१ असा ठेवण्यात आला होता. हा आकडा सहज पडलेला नव्हे. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार सरकारचा वाटा ५१ टक्के झाला, की ती ‘सरकारी कंपनी’ ठरत असे. मग तिचा हिशेबतपासनीस नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने नेमला जाई आणि त्याचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागे. दोन टक्के कमी असले, की हे सारे टळे व तपासनिसाची निवड भागधारक आपल्या वार्षिक सभेत करीत. यात व्यवहाराची मोकळीक मिळते, हे खरे. परंतु त्या सभेत सर्वांत मोठा भागधारक सरकारच असणार. तेव्हा तिजोरीशी ज्याचा संबंध, त्याची वही तपासावी कोणी, हा प्रश्न शिल्लक राहतोच; आणि बडोद्याच्या परिसराला तो प्रश्न मुळीच नवा नाही.

१८७५ च्या प्रारंभी मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालविण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला व चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सभासद होते. त्या खटल्यातील विषाची कथा मराठी माणसाने पुष्कळदा ऐकली आहे. तीत हिशेबाच्या वह्यांचेही एक प्रकरण होते, ते मात्र सहसा सांगितले जात नाही.

महाराजांचे खासगी चिटणीस दामोदर त्र्यंबक यांच्या हाती खानगीचा कारभार होता. पैसा देणारे तेच आणि देण्याची नोंद करविणारेही तेच. माफीच्या आश्वासनावर साक्ष देताना त्यांनी सांगितले, की रेसिडेन्सीच्या नोकरांना दिलेल्या व इतर गुप्त रकमा वहीत धर्मादायासारख्या निरुपद्रवी सदरांखाली दाखविल्या जात. काही नोंदींवर तर शाई ओतलेली आढळली. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून आलेले नामांकित वकील सार्जंट बॅलंटाईन यांनी याच ठिकाणी बोट ठेवले. जो मनुष्य धन्याच्या वहीत खोटे लिहवितो, तो न्यायासनापुढे खरेच बोलेल याचा भरवसा काय?

हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु त्याला दुसरीही बाजू होती. वही खोटी ठरली, तेव्हा ती फिर्यादीच्या उपयोगी पडेना, आणि महाराज खरोखर निर्दोष असतील तर त्यांना स्वतःचे निर्दोषत्वही तिच्यावरून दाखविता येईना. कमिशनचे मत फुटले. तिघा इंग्रज सभासदांना गुन्हा शाबीत वाटला. तिघा हिंदी सभासदांना वाटला नाही. अखेर विषप्रयोगाचा ठपका बाजूस ठेवून सरकारने गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. राज्य गेले, आणि वह्यांतील काळ्या डागांखाली नेमके काय होते याचा वाद मागे उरला.

त्यानंतर दिवाण झालेले सर टी. माधवराव यांनी राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा घातली आणि राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. छापील आकड्यावर शाई ओतता येत नाही! नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव याच शिस्तीत वाढले. १९०८ साली त्यांच्या आश्रयाने बँक ऑफ बरोडा निघाली, तेव्हा संपतराव गायकवाडांच्या जोडीला सर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास यांच्यासारखे बाहेरचे जाणते लोक संचालक म्हणून घेण्यात आले.

पुढे पाचच वर्षांत परीक्षेची वेळ आली. १९१३ च्या अखेरीस मुंबईची इंडियन स्पेसी बँक तिचे चालक चुनीलाल सरैया यांच्या चांदीच्या आणि मोत्यांच्या व्यवहारांत बुडाली. देशभर बँकांमागून बँका कोसळल्या. बडोद्याची बँक टिकली. हिशेबतपासणी सक्तीची करणारा कंपनी कायदा त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मंजूर झाला होता, परंतु त्याचा अंमल सुरू व्हावयाचा होता १ एप्रिल १९१४ पासून. स्पेसी बँकेच्या ठेवीदारांना तो काही महिने उशिराच भेटला.

शिस्त एका राजाने लावली, म्हणून ती दुसऱ्याने पाळलीच असे होत नाही. सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांनी संस्थानच्या तिजोरीतून मोठ्या रकमा उचलल्याचा वाद १९४८ च्या सुमारास उभा राहिला, व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरील आपल्या ग्रंथात त्याची हकीकत दिली आहे. त्याच वर्षी बडोद्याच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाची सूत्रे डॉ. जीवराज मेहता यांच्याकडे आली. राजाची तिजोरी आणि प्रजेची तिजोरी एक झाली म्हणजे काय होते, हे त्यांना ग्रंथांतून वाचण्याची गरज उरली नव्हती.

आणि १९६२ साली बाजव्याची कंपनी निघाली तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री होते तेच डॉ. मेहता. सरकारने पैसा घालावा, पण सारी मालकी आपल्याकडे घेऊ नये, या योजनेमागे त्यांच्या बडोद्यातील अनुभवाचा किती भाग होता हे मोजता येणार नाही. तिच्या रचनेत मात्र धनी एकटा नाही, ही गोष्ट ठळक आहे. १९६९ साली दत्त समितीने अशा संयुक्त क्षेत्राची देशभर शिफारस केली. मग त्या ४९ टक्क्यांमागची फटही हळूहळू लक्षात आली. सरकारने ४९ भाग स्वतः घ्यावेत, आणखी काही भाग सरकारी महामंडळांच्या नावे असावेत आणि तरीही महालेखापरीक्षकांचा हात तेथवर पोहोचू नये, असे घडू शकत होते. १९७४ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात नवे कलम घालून ही सारी भागीदारी एकत्र मोजावी असे ठरविले. सरकार, सरकारी कंपन्या व सरकारी महामंडळे यांचे भाग मिळून बेरीज ५१ झाली, की महालेखापरीक्षकांची तपासणी लागू. तेव्हापासून अशा कंपनीची वही कोणापुढे उघडावयाची, हे भागधारकांच्या यादीची बेरीज करूनच ठरू लागले.