पूर्वजांचा नंबर काय?

मंडळी, तुमच्या खापरपणजोबांचं नाव सांगता येईल? आमची धाव पणजोबांपर्यंत. आम्ही फुलंब्रीचे, म्हणजे जुना मुलूख निजामाचा. तेव्हाचे कागद उर्दूत नाहीतर मोडीत, वाचणारा शोधण्यापासून तयारी. पण निदान गाव कुठलं ते तरी ठाऊक आहे. मॉरिशसमधल्या मराठी माणसाला नेमकं तेच शोधायचं असतं.

थोडा इतिहास. 1833 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. मग करारावर माणसं नेणं सुरू झालं. 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख मजूर मॉरिशसला उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, थोडे मुंबईहून. या मुंबईवाल्यांत रत्नागिरीकडचे, कोकणातले लोक बरेच. पोर्ट लुईचा त्यांचा धक्का, आप्रवासी घाट, 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. आपल्या भाषेत प्रायमरी की! रजिस्टरात नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज. 1860च्या दशकापासून फोटोसुद्धा. हेतू काय, तर मळ्यातून पळालेला मजूर पकडता यावा. माणसावर पाळत ठेवायला केलेली ही रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि त्याचे वंशज तिथे पणजोबांचा चेहरा पहिल्यांदा बघतात.

पण शोधणं सोपं नाही हां. कारकुनाने कानावर पडलं तसं रोमनमध्ये लिहिलं. कित्येकदा पूर्वजाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. त्यामुळे आडनावाने सर्च करून काही हाती लागेलच असं नाही. आधी घरातले जन्म-लग्नाचे दाखले लावत मागे जायचं, नंबर गाठायचा, मग जहाज आणि गाव.

निदान रजिस्टरं टिकली हे नशीब. जर्मनीत हॅम्बुर्ग बंदराच्या 1850 ते 1934 च्या प्रवासी याद्या बऱ्याचशा शाबूत आहेत. शेजारच्या ब्रेमेनने मात्र जागा नाही म्हणून जुन्या याद्या नष्ट केल्या. अमेरिकेतल्या लाखो जर्मन घराण्यांचा धागा तिथेच तुटतो.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्डासाठी पात्र ठरवण्याची घोषणा केली. पण मूळ भारतातलं, हे सांगून भागत नाही, कागद लागतो.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी कोकणातलं असेल, तर गणपतीला गावी गेल्यावर म्हाताऱ्यांना एवढं विचारा: आपल्यातलं कोणी बोटीने गेलं आणि परतलंच नाही, असं आहे का? त्याचं नाव, बापाचं नाव आणि वाडी लिहून ठेवा. पलीकडून कोणीतरी हेच तीन रकाने घेऊन शोधत येईल.