खलनायकाचा जन्म : ‘गोल्डनआय’ आणि लिएन्त्सचा इतिहास

हेरकथांच्या दीर्घ मालिकेला इतिहास लागतो तो प्रामुख्याने शत्रू पुरवण्यासाठी. ‘लायसन्स टू किल’ (१९८९) नंतर कायदेशीर वादांमुळे बाँडमालिकेत सहा वर्षांचा खंड पडला. नेमक्या याच काळात बर्लिनची भिंत पडली आणि सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मार्टिन कॅम्पबेल दिग्दर्शित ‘गोल्डनआय’ (१९९५) हा मालिकेतील सतरावा चित्रपट. त्याच्या श्रेयनामावलीच्या दृश्यांत स्त्रिया हातोड्यांनी सोव्हिएत पुतळे फोडतात. नवी अधिकारी ‘एम’ बाँडला शीतयुद्धाचा अवशेष ठरवते. कालबाह्यतेची ही कबुली सहज नजरेत भरते. परंतु चित्रपटात आणखी एक कबुली आहे, आणि तिचा अन्वयार्थ अधिक गुंतागुंतीचा आहे.

शत्रू या वेळी घरातला आहे. बाँडचा सहकारी ००६, अ‍ॅलेक ट्रेव्हेल्यन, १९८६ मधील एका मोहिमेत मारला गेला असे मानले जाते. नऊ वर्षांनी तो ‘जेनस’ या टोळीचा सूत्रधार म्हणून प्रकट होतो. त्याचे आईवडील लिएन्त्स येथील कोसॅक होते. ब्रिटिशांनी त्यांचा विश्वासघात केला, आणि वाचल्याची लाज असह्य होऊन वडिलांनी पत्नीसह स्वतःचा अंत केला. या सुडापोटी त्याला लंडन उद्ध्वस्त करायचे आहे.

ही पार्श्वभूमी काल्पनिक नाही. जर्मनीच्या बाजूने लढलेले हजारो कोसॅक मे १९४५ मध्ये ऑस्ट्रियात ब्रिटिश सैन्याला शरण आले. त्यांच्यासोबत स्त्रिया आणि मुलेही होती. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा करारानुसार सोव्हिएत नागरिकांना परत पाठवायचे होते. प्रत्यक्षात, क्रांतीनंतर देश सोडलेले आणि कधीच सोव्हिएत नागरिक नसलेले अनेकजणही सोपवले गेले. जनरल क्रास्नोव्ह हे त्यांपैकीच. त्यांना जानेवारी १९४७ मध्ये मॉस्कोत फाशी देण्यात आली. १ जून १९४५ रोजी लिएन्त्सजवळच्या छावणीत ब्रिटिश सैनिकांनी बंदुकीच्या दस्त्यांनी लोकांना वाहनांत कोंबले. काहींनी द्राऊ नदीत उड्या घेतल्या. या कोसॅकांनी उत्तर इटलीतील प्रतिकारकांविरुद्ध केलेली कृत्येही विसरता येत नाहीत.

चित्रपटातील संवादात हा इतिहास काही वाक्यांत आटोपतो. स्टालिनने सर्वांना गोळ्या घातल्या, असे तेथे सांगितले जाते. वस्तुतः बहुसंख्यांच्या वाट्याला श्रमछावण्या आल्या. ही बाब आपल्या देशाला भूषणावह नव्हती, असे बाँड मान्य करतो. त्यावर त्याच्यासमोरचा रशियन लगेच सुचवतो, की ते लोक त्याच लायकीचे होते. कबुली आणि तिचे निरसन एकाच श्वासात उरकते.

ब्रिटनमध्ये मात्र हा विषय इतक्या सहज मिटला नव्हता. या प्रत्यार्पणाबद्दल निकोलाय टॉल्स्टॉय यांनी केलेल्या आरोपांवरून लॉर्ड ऑल्डिंग्टन यांनी बदनामीचा दावा लावला. १९८९ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निर्णय देऊन १५ लाख पौंड भरपाई ठरवली. जुलै १९९५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही रक्कम प्रमाणाबाहेर असून तिने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो, असे म्हटले. चित्रपट त्याच वर्षी नोव्हेंबरात आला.

येथे उंबेर्तो इको यांनी १९६५ मध्ये केलेली फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांची मीमांसा उपयोगी पडते. त्यांच्या मते या कथा ठरावीक द्वंद्वांवर उभ्या असतात, आणि खलनायक बहुधा वंशाने परका वा संमिश्र असतो. ‘गोल्डनआय’ हे द्वंद्व मोडतो असे प्रथम वाटते, कारण येथे फितूर झालेला मनुष्य ब्रिटिश गुप्तहेर आहे. पण त्याचे जन्मरहस्य उघड होताच जुनी संरचना पूर्ववत होते : तो मुळात ‘आपला’ नव्हताच. ज्या इतिहासाने राज्यसंस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, तोच येथे खलनायकाच्या रक्ताचा दाखला बनतो. शिवाय अपराध सूडाच्या रूपाने परत येतो. त्यामुळे सूड घेणाऱ्याचा वध झाला, की अपराधाचीही इतिश्री झाल्यासारखी वाटते.

लोकप्रिय कलाकृती इतिहास विसरायला लावतात, हा आक्षेप म्हणून येथे अपुरा पडतो. लिएन्त्सचे नाव या चित्रपटाने असंख्य प्रेक्षकांपर्यंत नेले, हे नाकारता येत नाही. मात्र ते ज्याच्या तोंडी दिले, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन प्रेक्षकावर राहत नाही. विस्मरणापेक्षा सूक्ष्म अशी ही प्रक्रिया आहे, आणि समीक्षेने तिची स्वतंत्र दखल घेतली पाहिजे.