लाल तेलाची निवड

कापसाच्या हंगामात मानवत किंवा सेलूच्या मोंढ्यावर गेले, की पिकअप गाड्यांची रांग दिसते. एके काळी परभणी जिल्ह्यातल्या याच रस्त्यांवरून कापूस बैलगाडीने येई. गाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण लावलेले असे. गावाकडे त्याला 'ओंगण' म्हणत. ते आटले, की चाक कुरकुरू लागे आणि बैलांना ओढ जड जाई. 'तेल कशासाठी?' असे वर्गात विचारले, तर मुले 'घर्षण कमी करण्यासाठी' असे उत्तर देतात. बैलगाडीपुरते ते पुरेसे आहे. परंतु आपोआप गिअर बदलणाऱ्या पिकअपसाठी ते अर्धेच उत्तर आहे, आणि त्या अर्ध्या उत्तरावर विसंबून तेल निवडले तर गिअरपेटी निकामी होऊ शकते.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपचे गिअर हातानेच बदलावे लागतात. पण २०२२ साली भारतात आलेल्या टोयोटा हायलक्सची सहा गिअरची स्वयंचलित आवृत्तीही मिळते. अशा गाडीला तेल कोणते घालावे? 'लाल तेल घाला' हे उत्तर गॅरेजमध्ये सहज मिळते, कारण अनेक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तसलेच लाल तेल वापरले जाते. हे उत्तर का अपुरे आहे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

सुरुवात एरंडेलापासूनच करू. एरंडेलाच्या मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते. त्याच्या रेणूवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. त्यामुळे तेल दाट होते व धातूला चांगले चिकटून राहते. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेलच वापरत. 'कॅस्ट्रॉल' हे १९०९ सालचे व्यापारी नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आले आहे. आपल्या शेतातली करडई मात्र या कामाची नाही. तिच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून त्या तेलाचा पातळ थर हळूहळू चिकट होतो व सुकतो. दोन्ही तेलेच, पण रेणू वेगळे, म्हणून काम वेगळे.

१९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' ही स्वयंचलित गिअरपेटी बाजारात आणली आणि तेलावर नवी कामे येऊन पडली. इंजिन आणि गिअर यांमध्ये शक्ती पोहोचवणे, झडपांमधून दाब देऊन गिअर बदलणे, उष्णता वाहून नेणे आणि दातांची झीज थांबवणे, ही सारी कामे एकाच तेलाने करायची होती. शिवाय सर्वांत अवघड असे एक काम होते. या पेटीत तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या असतात. गिअर बदलताना त्या आधी एकमेकींवर घसरल्या पाहिजेत आणि मग घट्ट धरल्या पाहिजेत. म्हणजे तेलाने घर्षण नुसते कमी करून भागत नाही. ते हवे तेव्हा, हवे तेवढे ठेवावे लागते.

जनरल मोटर्सने १९४९ साली 'टाइप ए' हे मानक ठरवले. त्यापुढे 'डेक्सरॉन' आले. या तेलांत घर्षण नियंत्रित करणारा एक घटक मिसळलेला असे. त्यामुळे चकत्या स्थिरावताना हिसका बसत नसे. फोर्डच्या 'टाइप एफ' तेलात असा घटक नव्हता. त्यातल्या चकत्या शेवटच्या क्षणी अधिक घट्ट धरत. आता डेक्सरॉन हे टाइप एफसाठी बनवलेल्या पेटीत घातले, तर चकत्या जास्त वेळ घसरतात, तापतात आणि जळू शकतात. उलट केले, तर गिअर हिसका देऊन पडतो. गंमत अशी, की दोन्ही तेले लालच होती! लाल रंग हा फक्त मिसळलेला रंग आहे. गळती झाली तर ती इंजिनच्या तेलाची नाही हे ओळखू यावे, एवढाच त्याचा उपयोग.

तो घर्षण नियंत्रित करणारा घटक कुठून येत असे? स्पर्म देवमाशापासून! त्याच्या तेलात मेणासारखी एस्टरे असतात. ती उष्णता चांगली सोसतात. १९७० साली अमेरिकेने या प्राण्याचा समावेश संकटग्रस्त यादीत केला आणि तेल उद्योगाला पर्याय शोधावा लागला. रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नवे घटक तयार केले. मोटारींच्या गिअरपेट्यांसाठी समुद्रातले प्राणी मारले जात होते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. कायदा झाला म्हणून गाड्या थांबल्या नाहीत, हेही सांगावे.

पुढे इंधन वाचवण्यासाठी तेल पातळ होत गेले. १०० अंश सेल्सिअसला डेक्सरॉन-तीनची विष्यंदिता सुमारे साडेसात सेंटिस्टोक होती. २००५ सालच्या डेक्सरॉन-सहाची ती सुमारे सहा झाली, तर फोर्डच्या दहा गिअरच्या पिकअपमधील 'मर्कॉन यूएलव्ही' याहूनही पातळ आहे. डेक्सरॉन-सहा हे डेक्सरॉन-तीनच्या जागी चालते, असे जनरल मोटर्स सांगते. पण मर्कॉन यूएलव्हीच्या जागी त्याच घराण्यातले मर्कॉन एलव्ही चालत नाही. हायलक्सला टोयोटाचे 'डब्ल्यूएस' मानक लागते. म्हणून तेल निवडताना रंग पाहू नये, डब्यावरची किंमतही आधी पाहू नये. गाडीच्या पुस्तिकेतील मानकाचे नाव डब्यावर आहे का, ते पाहावे.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. परभणीचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि गाडीवर भार असला की गिअरपेटी आणखी तापते. तापमान १० अंशांनी वाढले, की तेलाचे ऑक्सिडीभवन ढोबळ मानाने दुप्पट वेगाने होते. म्हणून भार वाहणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत तेल बदलण्याची वेगळी मुदत दिलेली असेल, तर तीच पाळावी.

शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. दोन काचपट्ट्यांवर एरंडेल आणि करडई यांचा अगदी पातळ थर द्या. धूळ बसणार नाही अशा जागी, हवा लागेल असे ठेवा. दर दोन दिवसांनी बोट लावून पाहा आणि निरीक्षणे वहीत लिहा. काही आठवड्यांत फरक जाणवू लागेल. त्यानंतर 'तेल कशासाठी?' हा प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी मुले 'कोणते तेल आणि कोणत्या कामासाठी?' असे उलट विचारतील, तर प्रयोग यशस्वी झाला असे समजावे.